दुसरी डिस्क, पहिला विश्वास

काळ्या स्क्रीनवर पांढऱ्या अक्षरांत एकच ओळ येते : ‘नो बूटेबल डिव्हाइस’. सुरू करता येईल असं काहीही सापडलं नाही. मग तुम्ही सेटिंगमध्ये शिरता, तर तिथे दुसरी हार्ड डिस्क नावासकट हजर असते. कंपनी, मॉडेल, आकार, सगळं बरोबर. ती काढून मित्राच्या कॉम्प्युटरला लावली तर फोटो उघडतात, गाणी वाजतात, ऑपरेटिंग सिस्टीमचे फोल्डरही जागच्या जागी असतात. काहीच गेलेलं नाही. तरी तुमचं मशीन म्हणतं, इथे कुणी नाही.

ज्यांचं सगळं फोनवर चालतं त्यांना हा अनुभव नसेल. फोनमध्ये दुसरी डिस्क नसते आणि बटण दाबल्यावर कोण सुरू होणार हे कुणी तुम्हाला विचारत नाही. (त्याकडे पुढे येतो.) पण ज्यांनी जुन्या लॅपटॉपमध्ये एसएसडी घातली आहे, किंवा एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स अशा दोन चुली मांडल्या आहेत, त्यांना ही ओळ पाठ असते. ती घालवायची कशी याचे व्हिडिओ ढीगभर सापडतील. मला त्या ओळीमागचा प्रश्न सोडवत नाही : ‘आधी तू बोल’ असं एखाद्याला म्हणण्याचा अधिकार कोणाकडे असतो, आणि तो त्याला दिला कोणी?

बटण दाबलं त्या क्षणी कॉम्प्युटरला जवळजवळ काहीच माहीत नसतं. ऑपरेटिंग सिस्टीम डिस्कवर आहे, आणि डिस्क नीट वाचायची कशी हे ऑपरेटिंग सिस्टीमला माहीत आहे. कपाटाची किल्ली कपाटात. ‘बूट’ हा शब्द याच पेचातून आला. बुटांच्या मागचे पट्टे ओढून स्वतःलाच वर उचलणं, अशा अशक्य कामासाठी इंग्रजीत जो शब्द होता त्याचं हे आखूड रूप. जर्मन गोष्टींतला थापाड्या बॅरन म्युनशाउझेन दलदलीत रुततो आणि स्वतःची शेंडी धरून स्वतःला घोड्यासकट बाहेर काढतो, तसलाच प्रकार.

प्रत्यक्षात कुणीच स्वतःला उचलत नाही. १९७५ सालच्या अल्टेअर ८८०० या कॉम्प्युटरला कीबोर्ड नव्हता, स्क्रीन नव्हती, पुढच्या बाजूला फक्त खटक्यांच्या रांगा होत्या. माणूस ते खटके वर-खाली करून पहिल्या मोजक्या सूचना हाताने भरायचा, मग त्या सूचना कागदी पट्टीवरून वगैरे मोठा प्रोग्राम आत ओढून घ्यायच्या. पहिला धक्का माणसाच्या बोटांचा. पुढे या सूचना चिपमध्ये भरूनच मिळू लागल्या आणि ती बोटं दिसेनाशी झाली. दिसेनाशी झाली इतकंच. आता तो धक्का ज्यांनी मदरबोर्ड बनवला त्यांचा असतो.

जुन्या बायोसचा स्वभाव भोळा होता. ठरलेल्या क्रमातली पहिली डिस्क घ्यायची, तिचे पहिले ५१२ बाइट वाचायचे आणि शेवटच्या दोन बाइटमध्ये ‘५५ एए’ ही खूण आहे का एवढंच बघायचं. खूण असली की सगळा कारभार त्या ५१२ बाइटच्या हवाली. त्यातले ४४६ प्रोग्रामचे, ६४ डिस्कच्या वाटण्या कशा केल्यात त्या तक्त्याचे, २ खुणेचे. तू कोण, कुठून आलास, पुढे काय करणार, एकही प्रश्न नाही. दारात येऊन ‘रामराम’ म्हणणाऱ्याच्या हातात घराच्या किल्ल्या ठेवाव्यात तसं.

आता ‘दुसरी’ या शब्दाकडे बघा. डिस्कच्या अंगात ‘दुसरी’ असं काही नसतं. बायोस ज्या डिस्कवरून सुरुवात करतो तिला पहिला क्रमांक देतो. सेटिंगमध्ये क्रम बदलला की कालची दुसरी आज पहिली. लिनक्समध्ये डिस्कना एसडीए, एसडीबी अशी नावं मिळतात, पण तीही सापडण्याच्या क्रमाने. एखादा पेन ड्राइव्ह लावून ठेवलात तरी नावं सरकू शकतात. त्यामुळे ‘दुसऱ्या डिस्कच्या पहिल्या वाटणीवरून सुरू कर’ ही सूचना म्हणजे ‘मारुतीच्या देवळापासून दुसरं घर’ असला पत्ता. मध्ये कुणी टपरी टाकली की पत्र भलत्याकडे. म्हणून पुढे प्रत्येक वाटणीला यूयूआयडी नावाचा लांबलचक क्रमांक द्यायची पद्धत आली, कुठेही लावा तो तोच राहतो. त्यातही गंमत आहेच : डिस्कची हुबेहूब प्रत काढली की तो क्रमांकही हुबेहूब येतो, आणि मग मूळ कोण नि प्रत कोण हे मशीनला कळायला मार्ग उरत नाही. विंडोज अशा वेळी दोघांपैकी एकीला सरळ गप्प बसवतं.

या सगळ्यात माणसांचं काय पणाला लागतं ते सांगतो. माझी भाची नाशिकला इंजिनिअरिंग शिकते. तिच्या लॅपटॉपमध्ये आधीची एक टीबीची हार्ड डिस्क होती, ती फार रखडायची. तिने आतल्या रिकाम्या खाचेत एसएसडी बसवली, पेन ड्राइव्हवरून तिच्यावर नवं विंडोज घातलं आणि पाच-सहा महिने मजेत गेले. मग जुनी डिस्क आत उगाच पडून आहे, बाहेरच्या केसमध्ये घालून सिनेमे न्यायला वापरू, म्हणून तिने ती काढली. त्या घटकेपासून लॅपटॉप सुरू होईना. दुकानदाराने पाच मिनिटं बघून निकाल दिला : एसएसडी गेली, नवीन टाका, डेटा विसरा. डेटा म्हणजे अर्धा लिहिलेला प्रोजेक्ट रिपोर्ट आणि तिच्या आजीच्या शेवटच्या वाढदिवसाचे व्हिडिओ.

रात्री तिचा फोन आला. “मामा, सेटिंगमध्ये एसएसडी दिसतेय. दिसतेय तर गेली कशी?”

प्रश्न अगदी बरोबर होता आणि दुकानदाराने तो स्वतःला विचारला नव्हता. तिला म्हटलं, जुनी डिस्क परत लाव. लावली, तर विंडोज झटकन सुरू. न्यायशास्त्रात याला अन्वय-व्यतिरेक म्हणतात. हे असताना ते घडतं, हे नसताना ते घडत नाही, तर दोघांचा संबंध आहे. पण संबंध कसला? घाईने बघणारा म्हणेल, म्हणजे विंडोज जुन्या डिस्कवरच आहे, एसएसडी नुसती शोभेला. तेही खोटं होतं. सुरू झालेल्या विंडोजमध्ये सी ड्राइव्ह कुठे आहे ते बघितलं, तर एसएसडीवरच. मग जुनी डिस्क करत काय होती?

दार सांभाळत होती. आजच्या मशीनमध्ये बायोसच्या जागी यूईएफआय असतं. ते डिस्कचे पहिले ५१२ बाइट बघत बसत नाही. ते डिस्कवर एक छोटी खास वाटणी शोधतं, तिच्यातली ठरलेली फाइल चालवतं, आणि ती फाइल पुढे ऑपरेटिंग सिस्टीमला हाक मारते. विंडोज बसवताना मशीनमध्ये आधीच अशी वाटणी असलेली डिस्क जोडलेली असेल, तर इन्स्टॉलर बऱ्याचदा नवी वाटणी करतच नाही, तीच वापरतो. भाचीचं सगळं घर एसएसडीवर उभं होतं आणि उंबरठा जुन्या डिस्कवर, काहीशे एमबीच्या कोपऱ्यात. डिस्क काढली तेव्हा तिने नकळत उंबरठा उपटून नेला होता. एसएसडीवर तशी छोटी वाटणी करून, विंडोजच्या पेन ड्राइव्हवरून ‘बीसीडीबूट’ ही एक आज्ञा दिली की काम झालं. (आणि विंडोज घालताना बाकीच्या डिस्क सोडवून ठेवाव्यात, हे ज्याने त्याने भिंतीवर लिहून ठेवावं.)

दुकानदार लबाड होता असं मला वाटत नाही. त्याच्या टेबलावर लॅपटॉपची चळत, समोर गिऱ्हाईक उभं, आणि शंभरातल्या बऱ्याच वेळा ‘नवीन टाका’ या उत्तराने त्याचं भागत असणार. पण लक्षण जिथे दिसतं तिथेच दोष आहे असं धरून चालणं ही फक्त तांत्रिक सवय नाही. घरात भांडण झालं की जो मोठ्याने बोलला त्याच्यावर ठपका येतो, वर्गात बाक मोडला की त्यावर बसलेला मुलगा उभा केला जातो. दोष कुठे आहे हे शोधायला वेळ लागतो, आणि दोषी मात्र ताबडतोब हवा असतो. डिस्कच्या बाबतीत त्याची किंमत आजीच्या व्हिडिओइतकी असते. माणसांच्या बाबतीत केवढी असेल ते तुम्हीच बघा. दुरुस्तीच्या कामात एक शिस्त आहे : एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि निकाल शेवटी द्यायचा. मी तिला नैतिक शिस्त म्हणेन, कारण ती पाळण्यासाठी डोक्यापेक्षा धीर जास्त लागतो, आणि समोरच्याला आधीच गुन्हेगार न ठरवण्याची तयारी लागते.

तर, मशीन सुरू होणं ही हवाल्यांची साखळी आहे. चिपमधला प्रोग्राम छोट्या फाइलवर विश्वास टाकतो, ती फाइल ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यावर, गाभा ड्रायव्हरवर, ड्रायव्हर डिस्कवर. प्रत्येक जण पुढच्याची परीक्षा घेऊ शकतो, मागच्याची नाही. मागचा तर आधीच मालक होऊन बसलेला असतो. मग सगळ्यात पहिल्याची परीक्षा कोण घेणार? त्याच्या मागे आणखी एक परीक्षक बसवला, तर त्याच्या मागे कोण?

याला आपल्याकडे अनवस्था म्हणतात. प्रमाणाला प्रमाण, त्याला आणखी प्रमाण, असं मागे मागे जात राहायचं आणि पाय कुठेच टेकायचे नाहीत. विसाव्या शतकात हान्स आल्बर्ट या जर्मन तत्त्वज्ञाने याच पेचाला आपल्या त्या बॅरनचं नाव दिलं. कोणत्याही गोष्टीला पक्का आधार मागायला गेलात की तीनच वाटा उरतात, असं तो म्हणतो : मागे जातच राहा, गोल फिरून तिथेच या, नाहीतर कुठेतरी हट्टाने थांबा. नैयायिकांकडे पहिल्या दोन वाटांना कधीपासून नावं आहेत, अनवस्था आणि चक्रक. खरी मारामारी तिसरीवर आहे. थांबायचं कुठे, आणि थांबवायचं कोणी?

मीमांसकांनी, विशेषतः कुमारिल भट्टांनी, यावर धीट उत्तर दिलं. ज्ञान झालं की ते खरंच धरून चालायचं. त्याला बाहेरून दाखला लागत नाही. पुढे दोष आढळला, किंवा उलट ज्ञान झालं, तरच ते खोटं ठरवायचं. हे स्वतःप्रामाण्य. प्रत्येक ज्ञानाला दाखला मागाल तर अनवस्था तुम्हाला गिळेल, हा त्यांचा मुद्दा. नैयायिक म्हणाले, असं कसं? दूरवर पाणी चमकतंय, ते मृगजळही असेल. जवळ जा, पिऊन बघ, तहान भागली तर ते पाणी. खरेपणा बाहेरून, कृती यशस्वी झाल्यावर कळतो. हे परतःप्रामाण्य.

‘५५ एए’ बघून किल्ल्या देणारा जुना बायोस मला पक्का मीमांसक वाटतो. (मीमांसकांची माफी मागून. त्यांच्याकडे दोष सापडला तर ज्ञान मागे घेण्याची सोय आहे, बायोसकडे तीही नव्हती.) आणि बिघाड शोधणारा माणूस स्वभावाने नैयायिक. ‘डिस्क चांगली आहे’ हे तो कोणाच्या सांगण्यावरून मानत नाही, चालवून बघतो.

पण चालवून बघणंही पुरत नाही, हे केन थॉम्पसनने दाखवलं. युनिक्सच्या दोन मुख्य निर्मात्यांपैकी हा एक. ट्युरिंग पुरस्कार घेतानाचं त्याचं व्याख्यान १९८४ मध्ये छापून आलं, आणि ते तीनच पानांचं असूनही आजही झोप उडवतं. समजा, प्रोग्रामला मशीनच्या भाषेत नेणारा जो कंपायलर असतो, त्यातच कुणी चोरवाट ठेवली. हा कंपायलर लॉगिनचा प्रोग्राम ओळखतो आणि त्यात गुपचूप एक जादा पासवर्ड घालतो. इतकंच नाही, तो स्वतःचाच नवा अवतार तयार होताना ओळखतो आणि ही खोड त्यातही उतरवतो. आता मूळ लिखाणातून खोड पुसून टाका, सगळ्या ओळी वाचून काढा. कागद स्वच्छ, मशीन बाटलेलं. आणि सगळं नीट चालतं, तहान भागते. थॉम्पसनचा निष्कर्ष असा की जे पूर्णपणे तुम्ही स्वतः लिहिलेलं नाही त्यावर पूर्ण विश्वास टाकता येत नाही, आणि शेवटी तुम्ही विश्वास प्रोग्रामवर टाकत नसता, तो लिहिणाऱ्या माणसांवर टाकत असता.

मग सगळं संशयास्पद म्हणून हात बांधून बसायचं? उदयनाचार्यांनी संशयाला हद्द घालून दिली होती ती इथे कामाची आहे. संशय घ्यावा, पण स्वतःच्या वागण्याला छेद जाईपर्यंतच. अन्न भूक भागवतं की नाही अशी शंका काढणारा माणूस रोज दुपारी जेवायला बसत असेल, तर त्याची शंका तोंडदेखली. तुम्हीही हे वाचताय ते अशा चिपवर, जिच्यातला पहिला प्रोग्राम तुम्ही कधी पाहिलेला नाही. म्हणजे कुठेतरी आपण थांबलेलो आहोतच. कुठे थांबलोय ते आपल्याला माहीत नाही, एवढाच प्रश्न आहे.

२०१२ मध्ये विंडोज ८ आलं आणि त्याबरोबर नव्या मशीनवर सिक्युअर बूट नावाची व्यवस्था सर्रास आली. आता ‘रामराम’ पुरेना, सहीचा कागद लागू लागला. मदरबोर्डच्या स्मृतीत काही किल्ल्या ठेवलेल्या असतात. सुरू होणाऱ्या फाइलवर त्यांपैकी एकीची सही असली तरच दार उघडतं. बाजारातल्या जवळपास प्रत्येक पीसीत मायक्रोसॉफ्टची किल्ली असते. लिनक्सवाल्यांनी मग ‘शिम’ नावाचा छोटासा प्रोग्राम केला. शिम म्हणजे फटीत घालतात ती पाचर. तिच्यावर मायक्रोसॉफ्टकडून सही घ्यायची, आणि तिने पुढे आपल्या माणसांना ओळख दाखवून आत घ्यायचं. दुसऱ्या डिस्कवरचं लिनक्स आज सुरू होतं ते बऱ्याचदा असं, पहिल्या डिस्कवरच्या कंपनीच्या सहीने.

ही नुसती दादागिरी आहे असं म्हणणं सोपं आहे, पण खरं नाही. ऑपरेटिंग सिस्टीमच्या आधी जो सुरू होतो त्याला अँटिव्हायरस पकडू शकत नाही, कारण अँटिव्हायरसला डोळे येतात तेच त्याच्या नंतर. २०२३ मध्ये ‘ब्लॅकलोटस’ नावाचा असला घुसखोर सापडला, आणि तो सिक्युअर बूट चालू असलेल्या अद्ययावत विंडोज ११ वरही शिरत होता. कसा? एक जुनी, खरी सही असलेली, पण आत भोक असलेली फाइल सोबत आणून. सही खरी होती, विश्वास शिळा झाला होता. म्हणजे विश्वास एकदा देऊन भागत नाही, काढून घेण्याचीही सोय लागते. मीमांसकांचं हे म्हणणं होतंच.

आणि काढून घेताना काय होतं ते ऑगस्ट २०२४ मध्ये दिसलं. १३ तारखेच्या विंडोज अपडेटने मदरबोर्डच्या स्मृतीत एक नियम लिहिला : अमुक पिढीच्या आधीचे लिनक्सचे बूटलोडर चालवू नका. त्यांत माहीत झालेली भोकं होती, हेतू चांगला होता. दोन सिस्टीम असलेल्या मशीनवर हा नियम लागू होणार नाही असं मायक्रोसॉफ्टने आधी सांगितलं होतं. पण तशी मशीन ओळखण्यात चूक झाली आणि अनेकांचं लिनक्स सुरू होईना. स्क्रीनवर येणाऱ्या संदेशाचा अर्थ एवढाच की काहीतरी फार गंभीर बिघडलंय. लोकांनी आधी डिस्कवर संशय घेतला असणार, मग आपण काय केलं ते आठवलं असणार. त्यांनी काहीच केलं नव्हतं. तात्पुरता उपाय महिन्याभरात आला, पक्की दुरुस्ती २०२५च्या मे महिन्यात.

या घटनेकडे दोन्ही बाजूंनी बघावं लागतं. सोसायटीच्या पाण्याच्या टाकीचं झाकण एकाने उघडं टाकलं तर पाणी सगळ्यांचं खराब होतं. भोक असलेला जुना बूटलोडर चोर कुठल्याही मशीनवर घेऊन जाऊ शकतो, जिथे लिनक्सचं नावही नाही तिथेही. त्यामुळे ‘माझं मशीन, माझी मर्जी’ एवढ्यावर भागत नाही. पण झाकण लावायला आलेल्या माणसाने जाता जाता तुमच्या घराला कुलूप घालावं आणि चिठ्ठीही ठेवू नये, याला काय म्हणायचं? एका डिस्कवर राहणाऱ्याने दुसऱ्या डिस्कचं दार बंद केलं. त्याला ते करता आलं, कारण दाराची स्मृती दोघांची सामायिक. त्यांची चिंता रास्त होती असं मी मानतो. न विचारता निर्णय घेण्याचा हक्क त्यांना होता असं मानत नाही. या दोन गोष्टी आपण फार सहज एक करतो. ‘तुझ्या भल्यासाठीच केलं’ हे वाक्य ऐकलेलं नाही असा मराठी घरातला मुलगा किंवा मुलगी मला अजून भेटायची आहे, आणि त्या वाक्याची अडचण अशी की पुष्कळदा त्यातलं भलं खरंच असतं.

फोनचं म्हणाल तर तिथे हा वाद होतच नाही, कारण तो आधीच मिटवून फोन तुमच्या हातात येतो. आयफोनवर तुमच्या पसंतीची दुसरी सिस्टीम घालायची अधिकृत सोय नाही. काही अँड्रॉइड फोनचं बूटलोडर उघडता येतं, पण उघडताक्षणी फोनमधला सगळा डेटा पुसला जातो, आणि त्यानंतर दर वेळी सुरू होताना फोन इशारा दाखवतो की या सिस्टीमवर भरवसा ठेवू नका. डेटा पुसण्याला कारण आहे : चोराने फोन उघडला तरी त्याला तुमचे फोटो मिळू नयेत. पण नीट बघा, फोनच्या दृष्टीने तुम्ही आणि चोर यांत फरक करायला काही साधन नाही. तुमच्याकडे पावती आहे हे फोनला कुठे माहीत?

भाचीचं पुढे असं झालं, की काढलेली जुनी डिस्क तिने सिनेमांना न लावता तिच्यावर लिनक्स घातलं आणि ती लॅपटॉपमध्ये परत बसवली. या वेळी तिने वाटणी वेगळी केली होती, क्रम नीट लावला होता. लिनक्स सुरूही झालं. पण ग्राफिक कार्डाचा ड्रायव्हर चढेना, कारण तो तिच्याच मशीनवर तयार झालेला आणि त्यावर कोणाचीच सही नाही. जिथे तिथे एकच सल्ला मिळत होता : सिक्युअर बूट बंद करून टाक. ते एका मिनिटाचं काम आहे, आणि हॉस्टेलच्या खोलीत, जिथे लॅपटॉप चार जणांच्या हातात असतो, ते करू नये असं माझं मत पडलं. कुलूप दुसऱ्याचं आहे म्हणून दार सताड उघडं टाकणं हा तिढ्याचा सुटका नव्हे, चिडून केलेला राग आहे. तिसरी वाट आहे. तुम्ही स्वतःची किल्ली बनवू शकता, ड्रायव्हरवर स्वतः सही करू शकता आणि ती किल्ली मशीनच्या विश्वासू यादीत टाकू शकता. तिचं नावच ‘मशीन ओनर की’. मालकाची किल्ली.

“पण मामा, मालक कोण?” ती म्हणाली. “पैसे तर बाबांनी दिलेत.”

चेष्टेत म्हणाली, पण मशीनलाही याचं उत्तर देता येत नाही. ऑफिसच्या लॅपटॉपचा मालक त्यावर रोज दहा तास काम करणारा नसतो. सेकंडहँड घेतलेल्या मशीनवर आधीच्या मालकाचा पासवर्ड तसाच असतो. आणि मालकाची ही किल्ली शेवटी ज्या शिममधून आत जाते तिच्यावर सही मायक्रोसॉफ्टचीच. अगदी मुळापासून सगळ्या किल्ल्या काढून फक्त स्वतःची ठेवता येते, बऱ्याच मशीनवर तशी सोय आहे. पण काही ठिकाणी ग्राफिक कार्डाच्या आतला छोटा प्रोग्रामही मायक्रोसॉफ्टच्याच किल्लीने ओळखला जातो. ती काढली तर स्क्रीनच काळी. पूर्ण स्वावलंबनाचा हट्ट धरला तर दिवा विझतो, इतकं ते घर एकमेकांत गुंतलेलं आहे.

मशीनने आपल्यापुरता मार्ग काढलाय तो असा. नवी किल्ली यादीत टाकण्याची विनंती लिनक्समधून करता येते, सोबत एक पासवर्ड ठरवायचा. पण विनंतीने काही होत नाही. मशीन पुन्हा सुरू करावं लागतं, आणि कुठलीही ऑपरेटिंग सिस्टीम जागी होण्याआधी एक निळी स्क्रीन येते. दहा सेकंद उलटे मोजले जातात. तेवढ्या वेळात समोर बसलेल्या कोणीतरी प्रत्यक्ष कीबोर्डची कळ दाबायची, पासवर्ड टाकायचा, ‘हो’ म्हणायचं. इंटरनेटवरून हे करता येत नाही, झोपेत अपडेट येऊन होत नाही. कुणी कळ दाबली नाही तर विनंती रद्द होते आणि मशीन पूर्वीसारखंच पुढे जातं. समोर बसलेला माणूस मालक आहे की नाही, हे त्या स्क्रीनला कळत नाही. कुणीतरी समोर आहे, जागं आहे आणि त्याने हे स्वतःहून केलंय, एवढंच कळतं. भाचीने पहिल्या वेळी ती स्क्रीन बघत दहा सेकंद घालवली, कारण काय लिहिलंय ते ती वाचत होती. दुसऱ्या वेळी तिने कळ दाबली.